झिलईचं बोळकं

डेल्फिनाचा उजवा हात कोपरापर्यंत शेंदरी झाला होता. अंगणात सकाळचं ऊन उतरलं होतं आणि ती टपात हात घालून झिलई ढवळत होती. झिलई म्हणजे पाण्यात कालवलेली शिशाची पूड. ही पूड जड. हात थांबला की तळाशी जाऊन बसते, आणि मग भांड्यावर कुठं दाट चढते, कुठं विरळ. म्हणून हात थांबवायचा नाही. काठीनं ढवळता येत नाही का? येतं. पण पुरेंचारो गावात काठीनं ढवळणाऱ्या सुनेला आळशी म्हणतात. गुठळी हाताला कळते, काठीला कळत नाही, असं तिथल्या सासवा सांगतात. त्यांना त्यांच्या सासवांनी हेच सांगितलं होतं. शहाणपण असं वरून खाली येतं, आणि विषही त्याच वाटेनं येतं.

पाठीवर शालीच्या झोळीत तिनो होता. आठ महिन्यांचा, डोळे मोठाले, मनगटं काड्यांसारखी. तो शालीची कड चोखत होता. डेल्फिना खांदा उडवून कड त्याच्या तोंडातून सोडवायची, तो पुन्हा धरायचा.

"चोखू दे की," चुलीपाशी मक्याच्या भाकऱ्या थापता थापता सासू तोमासा म्हणाली. "पोटाला मिळेना तर पोरगं कापड खाईल, नाहीतर काय करील?"

"आत्ताच पाजलंय, आई."

"पाजलंय. आठ महिने झाले पाजतेच आहेस. गाईनं वासराला कधीच हाकललं असतं."

"वासराला दात असतात, आई," भांडी भाजायच्या आव्यासाठी मोळी आणून टाकत लिबोरियो म्हणाला. तो डेल्फिनाचा नवरा. बायकोची बाजू घ्यायची असली की तो विनोद करायचा. विनोद संपला की बाजूही संपायची.

"तुला सहाव्या महिन्यात भरवलं मी. म्हणून आज मोळी उचलतोयस."

लिबोरियोनं कॉफीचा कप दोन्ही हातांनी उचलला. उजवं मनगट त्याला वर धरता येत नसे. वय बत्तीस, पण पंजा मोडल्या डहाळीसारखा लोंबायचा. गावात निम्म्या पुरुषांचे हात असेच. त्याला 'कुंभाराचा हात' म्हणतात, जसा काही तो दागिनाच आहे.

"ते काही नाही," तोमासा म्हणाली. "या रविवारी नाही, पुढच्या रविवारी उष्टावण. धर्मआईला, एव्हेलियाला सांगून आलेय मी. बोळकंही घडवून झालंय."

डेल्फिनाचा हात टपात थांबला. पूड खाली बसू लागली तरी तिला भान नव्हतं.

मेक्सिकोत, मिचोआकानच्या डोंगरात, कुंभारांची गावं पुष्कळ आहेत, पण पुरेंचारोची रीत पुरेंचारोचीच. मूल जन्मलं की आजी त्याच्यासाठी मुठीएवढं बोळकं घडवते, वर पांढऱ्या मातीनं त्याचं नाव लिहिते, झिलई देऊन भाजते. सहाव्या महिन्यात त्यात काळ्या रानतुतीची आतोले, म्हणजे मक्याची आंबटगोड पेज ओततात आणि बाप्तिस्म्याला नेमलेल्या धर्मआईच्या मांडीवर मुलाचं उष्टावण होतं. पहिला चमचा आजीचा. आई तेव्हा पाहुण्यांना वाढत असते. मग ते बोळकं त्या मुलाचं, पार शाळेत जाईपर्यंत.

दुसरी रीत अशी की कुंभाराच्या चुलीवर धातूचं भांडं चढत नाही. ऐकायला गोंडस वाटतं. कारण गोंडस नाही. गिऱ्हाईक अंगणात येतं, चुलीकडं बघतं. तिथं त्याला पत्र्याचं पातेलं दिसलं तर ते विचारील, तुम्ही स्वतः का नाही शिजवत तुमच्या भांड्यात? हा प्रश्न कुणी विचारू नये म्हणून गाव तीन पिढ्या त्याच भांड्यात शिजवतं आणि त्याच भांड्यात जेवतं. धंद्याची अब्रू राखायला लेकरांची आतडी गहाण ठेवलेली.

डेल्फिनानं दोन महिने हे उष्टावण ढकललं होतं. आधी म्हणाली, ताप आहे. मग म्हणाली, हिरड्या सुजल्यात, दात येऊ दे. मग धर्मआई एव्हेलिया लेकीच्या बाळंतपणाला गेली, तेव्हा म्हणाली, ती येऊ दे. आता ताप नव्हता, दात आला होता आणि एव्हेलियाही आली होती.

ती ढकलत होती ते चायोमुळं. चायो तिची थोरली, सात वर्षांची. शाळेतल्या बाईंनी दुसऱ्यांदा पहिलीतच बसवलेली. एक, दोन, तीन म्हणायची आणि एकदम सात. मधूनच पोट दाबून भिंतीशी बसून राहायची. बायका म्हणायच्या, पोटुशी असताना डेल्फिना बैलाला घाबरली, ती भीती पोरीत उतरली. म्हणजे दोष कुणाचा, तर ज्या पोटात पोर वाढली त्या पोटाचा. ज्या बोळक्यातून ती पाच वर्षं प्यायली त्याचं नाव कुणी काढत नव्हतं.

ते नाव पहिल्यांदा काढलं ओतिलियानं. ओतिलिया सरकारी दवाखान्यातली नर्स, पलीकडच्या खोऱ्यातली, सुतारांच्या गावची. चार महिन्यांपूर्वी तिनं चायोच्या बोटाला सुई टोचून थेंबभर रक्त एका छोट्या यंत्रात घातलं. शिशाचा आकडा आला अडतीस. "पाचाच्याही खाली असायला हवा," ओतिलिया म्हणाली. डेल्फिनाचा स्वतःचा आला एकोणतीस. तेव्हा तिनो चार महिन्यांचा. "याला पाजत राहा. दूध तोडू नकोस," ओतिलिया म्हणाली होती. "पण तुमच्या चुलीवरचं काही याच्या तोंडात जाऊ देऊ नकोस."

डेल्फिनानं हे शब्द गळ्यातल्या क्रॉससारखे जपले. चुलीवरचं काही नाही. म्हणून काहीच नाही.

झिलईचा हात धुऊन त्या दिवशी ती सरपणाच्या निमित्तानं निघाली आणि दवाखान्यात गेली. ओतिलियानं तिनोला काट्यावर ठेवलं, वहीत बघितलं, पुन्हा काट्याकडं बघितलं.

"दोन महिन्यांत गुंजभर वाढला नाही हा. काय खातो?"

"दूध."

"दूध, आणि?"

"तुम्हीच म्हणालात, चुलीवरचं नको."

ओतिलिया खुर्चीत बसली. तिला राग आला होता आणि तो कुणावर काढावा ते तिला कळत नव्हतं.

"बाई गं, चुलीवरचं नको म्हटलं मी. जेवण नको म्हटलं का? पोर पोटातून लोहाची शिदोरी घेऊन येतं, ती सहा महिन्यांत संपते. पुढं दूध एकटं पुरत नाही. आणि रक्तात लोह कमी पडलं की शरीर मिळेल ते ओढून घेतं, शिसं आधी. तू त्याला वाचवायला उपाशी ठेवलंस, आणि उपासानं तो आणखी कच्चा झाला."

डेल्फिनानं तिनोची टोपी नीट केली. नीटच होती.

"काय देऊ?"

"भोपळा मऊ शिजवून. घेवडा कुस्करून, वरचं साल काढून. अंड्याचा बलक. चमचाभरच द्यायचं. एक पदार्थ तीन दिवस, मग दुसरा. काय सोसतं, काय नाही, ते कळतं."

"कशात शिजवू?"

"स्टीलच्या पातेल्यात."

डेल्फिनाला हसू आलं. ते हसणं बघून ओतिलियानं नजर वळवली, कारण उत्तर तिलाही ठाऊक होतं. तिच्या आधी इथं एक डॉक्टर होता. त्यानं चर्चच्या भिंतीवर कागद लावला की झिलईच्या भांड्यात आंबट शिजवू नका, लेकरांना भरवू नका. दुसऱ्या दिवशी गावानं रस्त्यावर ओंडके टाकले. पंधरवड्यात डॉक्टरची बदली. दवाखाना वर्षभर बंद.

"म्हणून मी भिंतीवर काही लावत नाही," ओतिलिया म्हणाली. "एकेकीच्या कानात सांगते. चाळीस जणींना सांगून झालं. चाळीसही जणी मान डोलावून गेल्या. तूही डोलावशील."

डेल्फिनानं मान डोलावली नाही. उठून पोराला पाठीशी बांधलं आणि निघाली.

खायला दिलं तर घरातलं विष, नाही दिलं तर उपास. सासूच्या घरात सून असते ती अशीच. तिच्या अंगावरचं दूध तेवढं तिच्या मालकीचं. पोराच्या तोंडात दुसरा घास कुठला आणि कशातून जाईल, हे ठरवणारी ती कोण?

दुकानामागच्या उकिरड्यावर तिला लोणच्याच्या मिरच्यांचा रिकामा डबा सापडला, मोठा, कडा शाबूत असलेला. राखेनं घासला, वाळूनं घासला, तीन वेळा पाणी उकळून फेकलं तरी मिरचीचा वास जाईना. चौथ्यांदा गेला. आव्यामागं लाकडाची रास होती, तिच्या आडोशाला तिनं दोन विटा मांडल्या. धुराची भीती नव्हती. आव्याच्या धुरात एवढासा धूर कोण बघतो?

पहिला घास भोपळ्याचा. बोटाच्या पेरावर घेतलेला, कोमट. तिनोनं तोंड उघडलं ते स्तनाच्या आशेनं. जिभेला निराळंच काही लागल्यावर त्याचा सगळा चेहरा गोळा झाला. भुवया चढल्या, ओठ उलटे झाले, आणि भोपळा हनुवटीवर आला. डेल्फिनानं तो हनुवटीवरून पुसून पुन्हा आत ठेवला. पुन्हा बाहेर. तिसऱ्यांदा त्यानं तो तोंडातच फिरवला, आईकडं असं बघितलं की ही गोष्ट इतके दिवस कुठं लपवली होतीस, आणि गिळला.

लाकडाच्या राशीमागं एकटीच बसून डेल्फिना हसली. मग तिच्या लक्षात आलं की आपल्या लेकराचं उष्टावण आपण चोरून केलं. भोपळा आपल्या परसातला, पोर आपलं, आणि वागणं कोंबडी चोरल्यासारखं.

तीन दिवस भोपळा, तीन दिवस घेवडा, दोन दिवस बलक, मग पुन्हा भोपळा. तिनो राशीकडं नेलं की पाय झाडायला लागला. शालीची कड चोखणं थांबलं. रविवारी काय करायचं, याचा विचार तिनं उद्यावर टाकला, आणि उद्याचा परवावर.

गुरुवारी चोरी पकडली गेली, ती तिनोच्या दुपट्यात.

डेल्फिना विहिरीवर होती. पोर रडू लागलं म्हणून तोमासानं त्याला उचललं, दुपटं सोडलं आणि तशीच बसून राहिली. सात बाळंतपणं केलेली बाई. दुधावरच्या पोराची शी कशी असते हे तिला कुणी शिकवायला नको होतं. ही शी घट्ट होती, केशरी होती आणि तीत भोपळ्याचे धागे होते.

डेल्फिना पाण्याच्या घागरी घेऊन आली तेव्हा दुपटं अंगणाच्या मधोमध पसरलेलं होतं आणि शेजारी मिरच्यांचा डबा. तोमासानं लाकडाची रास धुंडाळली होती.

"हे काय आहे?"

डेल्फिनानं घागरी खाली ठेवल्या.

"कुत्र्याला डब्यात खायला घालतात. माझ्या नातवाचं उष्टावण तू उकिरड्यावरच्या डब्यात केलंस. कुणाला न विचारता. कुंभाराच्या घरात."

"आई, चायोच्या रक्तात..."

"त्या नर्सचं नाव काढू नकोस. सुताराची पोर, मातीतलं तिला काय कळतं?"

"तिच्याकडं यंत्र आहे."

"माझ्याकडं हात आहेत. या हातांनी मी सात पोरांना भरवलं."

"आणि तीन पुरली," डेल्फिनाच्या तोंडून गेलं.

लिबोरियो आव्यातून भांडी काढत होता, तो वाकलेलाच राहिला.

तोमासाची तीन पोरं. एक दीड वर्षाचं, दोन तीन-तीन वर्षांची. आधी पोट दुखायचं, मग ओकाऱ्या, मग झटके. गाव म्हणालं दृष्ट लागली. पाद्री म्हणाला देवानं देवदूत नेले. दर वर्षी मेलेल्यांच्या सणाला तोमासा त्यांच्या नावाची तीन बोळकी नव्यानं घडवायची आणि गरम आतोलेनं भरून फुलांमध्ये ठेवायची, कारण पोरांना ती आवडायची.

"म्हण ना," तोमासा हळू आवाजात म्हणाली. "मी मारली म्हण."

डेल्फिनाला पहिल्यांदा दिसलं की ही बाई हट्टी नाही, कोंडलेली आहे. नर्सचं खरं मानलं तर तिला तीन थडग्यांपाशी जाऊन नव्यानं बसावं लागणार. त्यापेक्षा नर्स खोटी, यंत्र खोटं, सून खोटी. माणूस असाच रूढीला चिकटून बसतो. रूढी सोडली की मागचा सगळा जाब अंगावर येतो. आणि तो जाब चुकवायला पुढचं पोर द्यायचं.

"मी तसं म्हणत नाही, आई."

"मग रविवारी बघू," तोमासा म्हणाली आणि डब्यावर पाय देऊन तिनं तो चपटा केला.

लिबोरियोनं त्यावर काही विनोद केला नाही. संध्याकाळी बायकोला म्हणाला, "एक चमचा. फक्त लोकांसमोर. मग तू तुझं चोरून कर, मी बघितलं नाही म्हणेन."

"आणि ते बोळकं? पाच वर्षं ते कोण धुणार, कोण भरणार?"

"तू फार पुढचं बघतेस."

"तुझा हात बघते," डेल्फिना म्हणाली. तो हात त्यानं खिशात घातला.

रविवारी अंगण झाडून, पाणी मारून तयार होतं. पानात गुंडाळलेले मक्याच्या पिठाचे कोरुंदे वाफवत होते. शेजारच्या सातआठ बायका पोरं घेऊन आल्या होत्या, आणि मधल्या खुर्चीत धर्मआई एव्हेलिया. तिचा नवरा गावात शिशाच्या पुडीच्या गोण्या आणायचा आणि भाजलेली भांडी ट्रकनं शहरात न्यायचा. तेव्हा एव्हेलियाच्या मांडीवर पोर देणं म्हणजे धंदाच मांडीवर घेणं.

"आण गं त्याला," एव्हेलिया म्हणाली. "ऐकलं, लाडोबाला मिरच्यांचा डबा आवडतो म्हणे. तरी बरं, सार्डिन माशांचा नव्हता, नाहीतर पोहायला लागला असता."

बायका हसल्या. डेल्फिना तिनोला कडेवर घेऊन चुलीशी उभी होती. तोमासा बोळकं घेऊन आली. सुंदर होतं, खोटं कशाला बोला. मधाच्या रंगाचं, उन्हात बघणाऱ्याचा चेहरा दिसावा इतकं चकचकीत. पोटावर पांढऱ्या अक्षरांत 'तिनो'. आत जांभळी पेज, आंबट वासाची. ओतिलियानं सांगितलं होतं, आंबट जितकं जास्त तितकं शिसं सुटतं. पुरेंचारोनं तीन पिढ्यांत पहिल्या घासाला नेमकं तेच निवडलं होतं.

"दे," तोमासा म्हणाली.

डेल्फिनानं पोर दिलं नाही.

"पोरी, लोक बसलेत."

"बसू देत."

तोमासानं चमचा भरला. पोर मांडीवर नसलं तर कडेवर, पण घास देणारच, अशा तयारीनं ती पुढं आली. तिनोनं नवीन काही दिसतंय म्हणून आनंदानं तोंड उघडलं. गेल्या दहा दिवसांत त्याला चमचा म्हणजे सुख हे कळलं होतं. डेल्फिनानं त्याच्या तोंडावर आपला तळहात धरला. चमचा तळहातावर आपटला. जांभळी पेज तिच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळली.

"याला नाही," ती म्हणाली. आवाज मोठा नव्हता. "चायोला दिलंत तेव्हा मी कोरुंदे वाढत होते. आज मी वाढणार नाही. इथं उभी राहणार."

"वेड लागलंय हिला," एव्हेलिया म्हणाली.

"लागलं असेल. तुम्ही तुमच्या थोरल्या नातीला कशात भरवता, धर्मआई? शहरातल्या लेकीकडं गेला होता ना. तिच्या घरी काय आहे, माती की स्टील?"

एव्हेलिया उठली. तिनं शाल सावरली. उत्तर सगळ्यांना कळलं. ज्यांनी पूड विकली त्यांची नातवंडं स्टीलच्या वाटीत जेवत होती, आणि अंगणातल्या बायका आपल्या मांडीवरच्या पोरांकडं न बघता जमिनीकडं बघत होत्या. एकेक करून त्याही उठल्या. कोरुंद्यांना कुणी हात लावला नाही. तोमासा बोळकं हातात धरून तशीच उभी राहिली, आणि पेजेवर साय धरली.

घरात निवाडा करायची पाळी लिबोरियोवर आली. दोन बायकांमध्ये तो दिवसभर बसून राहिला. शेवटी त्यानं तोडगा काढला, आणि तोडगा काढणाऱ्या माणसाला असतो तसा समाधानाचा भाव त्याच्या तोंडावर आला.

"पोरगा तुझा. अंगणात चूल मांड, पत्र्याचा डबा चढव, काय भरवायचं ते भरव. आईच्या चुलीला हात लावायचा नाही. आणि चायो आईच्या पंगतीला जेवेल, आजवर जेवली तशी."

"चायो का?"

"तिचं काय व्हायचं ते झालंय," लिबोरियो म्हणाला. त्यानं हे वाईट मनानं म्हटलं नाही. व्यवहार म्हणून म्हटलं. एक नासलेलं मडकं सोडून द्यायचं आणि चांगलं राखायचं, कुंभार रोज तेच करतो. "आईला काहीतरी राहू दे. दोन्ही पोरं काढून घेतलीस तर ती मरेल."

आणि डेल्फिनानं हे कबूल केलं. हे लपवण्यात अर्थ नाही. ती थकली होती. तिला एका पोराचं तोंड वाचवता आलं होतं, आणि त्या विजयात ती दुसऱ्याचं तोंड विसरली. मुलगा वाचला की मुलीवर सौदा होतो, आणि सौदा करणाऱ्यांत आईही असते.

अंगणात तीन दगड मांडले गेले आणि त्यांवर उकिरड्यावरून शोधून आणलेला दुसरा डबा चढला. जाणारे-येणारे बघायचे. कुंभाराच्या दारात पत्रा चढलाय म्हणून थुंकायचे. विहिरीवर डेल्फिनाला जागा देईनात. एव्हेलियाच्या नवऱ्याचा ट्रक त्यांच्या दारावरून न थांबता पुढं गेला. तिनो मात्र भोपळ्यानंतर गाजर, गाजरानंतर बटाटा असा चढत गेला, आणि नवव्या दिवशी त्यानं कुस्करलेला घेवडा स्वतःच्या मुठीनं तोंडात कोंबला, निम्मा कानात.

त्या नवव्या दिवशी चायो आजीच्या चुलीपासून आपली वाटी घेऊन अंगणात आली. वाटीत टोमॅटो घातलेलं घेवड्याचं सार होतं. वाटी चकचकीत होती. ती भावाच्या शेजारी उकिडवी बसली, त्याचं तोंड चालतंय हे बघून खूश झाली, आणि आपल्या वाटीतला चमचा भरून त्याच्यापुढं धरला. "घे, तिनो. माझं पण घे."

डेल्फिनानं झटक्यात तिचा हात उडवला. चमचा दूर राखेत पडला.

चायो रडली नाही. तिनं राखेतल्या चमच्याकडं बघितलं, मग वाटीकडं.

"हे वाईट आहे?"

"हो, बाळा. त्याला द्यायचं नाही."

चायो विचार करत होती. विचार करताना ती ओठ आत घ्यायची. तिला वेळ लागायचा आणि तेवढा वेळ सहसा कुणी थांबत नसे.

"मग मला कशाला?" तिनं विचारलं.

तिला तीनच्या पुढं मोजता येत नाही असं सगळं गाव म्हणत होतं. बापानं तिला नासलेल्या मडक्यात जमा केलं होतं, आणि आईनं मान डोलावली होती, त्या चाळीस जणींसारखी. त्या पोरीनं सगळ्यांना मिळून एक प्रश्न घातला, आणि अख्ख्या पुरेंचारोत त्याला उत्तर नव्हतं. हे वाचणाऱ्यांनीही शोधून बघावं. आपण ज्यांच्याबद्दल 'आता काय उपयोग' म्हणतो, ती माणसं तिथंच बसून ऐकत असतात.

डेल्फिनानं चायोच्या मांडीवरची वाटी उचलली. अंगण ओलांडून ती सासूच्या चुलीपाशी गेली. नऊ दिवसांत पहिल्यांदा. वाटी तिनं तोमासापुढं ठेवली, आपटली नाही.

"चायो आजपासून माझ्याकडं जेवेल."

तोमासा भाकरी थापत होती. तिचे हात चालूच राहिले. "ठरलं होतं ना."

"मी चुकले. मी तेव्हाच नाही म्हणायला हवं होतं."

"तिचं व्हायचं ते होऊन गेलं. काय उरलंय आता त्या पोरीत?"

"ती उरलीय," डेल्फिना म्हणाली.

तोमासाचे हात थांबले. तिनं वर बघितलं नाही. "मग घर सोड. दोन्ही पोरं घेऊन अंगणातही राहू नकोस."

आव्यापाशी उभा असलेला लिबोरियो ऐकत होता. तो म्हणाला, "आई," आणि लोंबता हात खिशात घातला.

"सोडते," डेल्फिना म्हणाली. "जेवण होऊ दे त्यांचं."

ती परत तीन दगडांपाशी आली. कुठं जायचं हे तिला ठाऊक नव्हतं. दवाखान्याच्या ओसरीपर्यंतचा रस्ता तेवढा माहीत होता. चायो तिनोची मूठ पुसत बसली होती. डब्यात आता तिनोपुरतंही जेमतेम उरलं होतं, आणि दोघांचं एकदम त्यात मावत नव्हतं. डेल्फिनानं भोपळा चिरायला घेतला, विस्तवावर दोन काटक्या सरकवल्या आणि डबा दुसऱ्यांदा चढवला.